उसने पूर्वज

"आठवा कोण?" दहाबोने विचारलं.

"सामतर."

"सामतर नववा. जावईबापू, अख्ख्या हर्गेसा शहराच्या कंबरांची मापं तुम्हाला तोंडपाठ, आणि पंधरा नावं लक्षात राहत नाहीत?"

"मापं घेताना वरून बॉम्ब पडत नसत, सासूबाई."

"सासूबाई नाही. आत्या."

सैन्याचं विमान घरांवरून गेलं. शहराच्याच विमानतळावरून उडायचं, शहरावरच बॉम्ब टाकायचे आणि परत तिथेच उतरायचं. घराजवळची नोकरी म्हणतात ती हीच. चार दिवसांत बाजार जळाला, मशिदीचा मिनार अर्ध्यात मोडला, जावयाचं, सुगुल्लेचं, शिंप्याचं दुकान आभाळाखाली आलं. सासू आणि जावई जिन्याखाली बसून पाठांतर करत होते.

हिशेब साधा होता. बंडखोर सुगुल्लेच्या कुळाचे, म्हणून त्या कुळाचा प्रत्येक पुरुष सैन्याच्या लेखी बंडखोर. दहाबो मात्र सैनिकांच्या कुळातली. सीमेकडे जाणाऱ्या एकुलत्या एका रस्त्यावर सैन्याची चौकी होती. तिथे कागदपत्रं कुणी पाहत नसे. कूळ ओळखायला बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव विचारत आणि चुकेल त्याला भिंतीमागे नेत. सीमेपलीकडे दहाबोची मुलगी शुक्री आठव्या महिन्याचं पोट घेऊन नवऱ्याची वाट बघत होती. म्हणून दहाबोने जावयाला भाचा केलं आणि आपल्या माहेरचे पंधरा पूर्वज देऊन टाकले.

पाचव्या दिवशी सकाळी दोघं निघाले. दहाबोला स्वतःची गल्ली ओळखू आली नाही. ओळखीचं एक दार तेवढं उभं होतं, मागे घर नव्हतं.

चौकीवर दोघेच शिपाई होते. पुढे आला त्याचा लष्करी सदरा दोन मापं मोठा. सुगुल्लेच्या डोळ्याला ते खुपलं, पण सरकारी शिवण अशीच, असं मनात म्हणून त्याने मान खाली घातली. शिपायाने घड्याळ मागितलं नाही, दहाबोच्या बांगड्यांकडे पाहिलंही नाही. तिला हायसं वाटलं.

"कुणाचा तू?"

सुगुल्लेने सुरुवात केली. कुठेही अडखळला नाही. सामतर बरोबर नववा आला. पंधरावं नाव तर त्याने जरा ठसक्यातच घेतलं.

"आणि म्हातारे, तू कोण?"

"त्याची सख्खी आत्या. माझ्या अंगाखांद्यावर वाढलाय. शंका असेल तर मीही म्हणते. उलट्या क्रमाने म्हणू?"

"नको. पटलं." शिपायाने खांद्यावरची बंदूक हातात घेतली आणि साथीदाराला हाक मारली. "अरे, इकडे ये. पहाटे आपण ही चौकी सैन्याकडून घेतली, ते शहरात अजून पोचलेलं दिसत नाही. त्यांच्याच कुळाची दोन माणसं स्वतःच्या पायांनी चालत आलीत."

"थांब!" दहाबो मध्ये आली. "तो तुमचाच आहे रे! जावई आहे माझा. मी शिकवलं त्याला ते सगळं!"

"असं? मग आपले पूर्वज म्हणू दे की."

सुगुल्लेने डोळे मिटले. बापाचं नाव आलं. आजोबांचं आलं. पणजोबांचंही आलं. चौथं नाव त्याने घेतलं, ते दहाबोच्या पणजोबांचं.