हुबेहूब व्हिएन्ना

"थांब, व्हिडिओच लावून दाखवते," म्हणत कुमुदने पर्समधून फोन काढला.

अबूधाबीच्या त्या मॉलमध्ये यंदा नाताळासाठी व्हिएन्ना उभं केलं होतं. लाकडी दुकानं, छताला टेकलेलं झाड, वरून भुरभुरणारा साबणाच्या फेसाचा बर्फ. शिडीवर चढलेली माणसं अजून दिव्यांच्या माळा बांधत होती. कुमुदने शेजारच्या शुभ्राला दुबईतल्या अल कुसैसहून मुद्दाम इतक्या लांब आणलं होतं. तिची अपूर्वा व्हिएन्नात एमबीए करत होती. बिल्डिंगमध्ये हे माहीत नसलेलं कुणी नव्हतं. गणपतीच्या प्रसादाबरोबर कुमुदने तेही वाटलं होतं.

व्हिडिओ कालच आला होता. 'आई, मार्केट सजतंय बघ. थंडी जाम आहे.' हल्ली अपूर्वा फोनवर फार बोलत नसे. अभ्यास असतो, असं कुमुद सांगे.

शुभ्राने व्हिडिओ पाहिला. मग समोरच्या झाडाकडे पाहिलं. झाडाखालच्या लाकडी हरणाचं एक शिंग मोडलेलं होतं. फोनमधल्या हरणाचंही.

"डिट्टो आहे की नाही?"

शुभ्राने फोन परत दिला. "कुमुद, निघू या का? पाय दुखायला लागले गं माझे."

"आता इतक्या लांब आलोय तर हॉट चॉकलेट पिऊनच जाऊ. अपूर्वा मेसेजमध्ये सारखी त्याचं कौतुक सांगते."

शुभ्राने तिचा हात धरला. तो सोडवून कुमुद काउंटरवर पोचलीसुद्धा.

लाल एप्रन घातलेल्या मुलीने वर पाहिलं आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला.

"आई."

कुमुदने फोन पर्समध्ये टाकला.

"आई, मी नापास झाले. तिथला व्हिसा ऑगस्टमध्येच संपला. घरीच येणार होते गं. पण गणपतीत तू सगळ्यांना सांगत होतीस, मग मला..." तिने काउंटरवरून हात पुढे केला.

रांगेतले लोक बघायला लागले. शुभ्रा हळूच म्हणाली, "कुमुद, बोल तरी तिच्याशी."

"कुणाशी?" कुमुद म्हणाली. "माझी अपूर्वा व्हिएन्नात असते."

मुलीने हात मागे घेतला. एप्रनला पुसला.

"किती हॉट चॉकलेट देऊ, मॅम?"