वयात आलेला कोळी

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा: हर्झेगोविनातली गुहा, तिथे विदोसावा नावाच्या छोट्या मुलीला सापडलेला आठ पायांचा आंधळा कोळी. खाणवाले गुहा फोडणार होते. हा कोळी जगात फक्त याच गुहेत सापडतो असं ठरलं, तरच थांबणार. पण शेजारच्या गुहांतले कोळी हुबेहूब तसेच. फरक असेल तर वयात आलेल्या नराच्या तोंडापुढच्या दोन इवल्या पायांच्या टोकांवरच्या बोंडांत. हा तर अजून पिल्लूच, म्हणून तिने त्याला हिवाळाभर बरणीत चिलटं भरवून वाढवलं. “कोळी की जावई?” आजोबा चिडवायचे. आज त्याने शेवटची कात टाकली. कोळी अभ्यासणारी मावशी आली. “बोंडं फुगलीत, मावशी!” “हो, पण आतले काटे बघायला ती कापावी लागतील. आधी ह्याला स्पिरिटमध्ये बुडवायचं.” “मग तो?” “गुहा वाचेल कदाचित. हा नाही, बाळा.” मावशीने चिमटा उचलला. “थांब, तो तुला ओळखत नाही.” विदोसावाने बरणीत बोट घातलं, तो नेहमीसारखा वर चढला, आणि तिने बोट स्पिरिटमध्ये बुडवलं.