माचूचा नियम

इंजिनाच्या हेडचे चारही बोल्ट निघाले तेव्हा बिद्दप्पाला वाटलं, एवढंच होतं होय! याच कामासाठी त्याच्या मेकॅनिकने, माचय्याने, सात वर्षं त्याला शेडबाहेर घालवलं होतं.

माचूचा नियमच होता तो. "रायडरने इंजिनाचं पोट बघायचं नसतं. एकदा बघितलं की चढावर हात कचरतो." कोडगूत जिथे जिथे कापणी झालेल्या खाचरात बाइकची शर्यत लागते, तिथे लोक या नियमाला हसायचे. बिद्दप्पाने तो पाळला. दीडशे सीसीच्या गटात सलग तीन वर्षं कप आणला.

आता माचूच नव्हता. दोन महिन्यांपूर्वी त्याने इंजिनाचं काम करून दिलं, "सगळं नवं केलंय" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी उचलून अय्यण्णाकडे गेला. काल शर्यतीत उतरलेल्या पोराकडे! कारणही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून गाडी मेली. एका शर्यतीत चौथा, पुढच्या शर्यतीत सहावा. दोन्हीकडे अय्यण्णा पहिला.

बिद्दप्पाने गाडी नीट धुतली तेव्हा त्याला कळलं. ज्या ब्लॉकमध्ये पिस्टन वरखाली धावतो, त्याच्या बाहेरच्या, हवा लागून थंड व्हायच्या पात्यांपैकी एक बालेले गावच्या शर्यतीत, उडी मारताना तुटली होती. आता सगळ्या पात्या धड. म्हणजे ब्लॉक बदलला होता.

रविवारी शेवटची शर्यत. कोइमतूरच्या रेसिंग टीमचा माणूस येणार होता. बिद्दप्पा जिंकला तर नोकरी, गाडी, सगळं. त्यात यंदापासून पहिल्या तिघांची इंजिनं तिथेच उघडून, दीडशे सीसीपेक्षा मोठी तर नाहीत ना, हे मोजणार होते. बरंच झालं, अय्यण्णाच्या गाडीत सापडेल चोरीचा माल. क्लबला द्यायची तक्रार खिशात तयार होती. ती दिली की माचूला पुन्हा कुठल्या ट्रॅकवर पाय ठेवता येणार नव्हता.

सकाळी गोणिकोप्पात दीडशे सीसीचा नवा पिस्टन आणायला गेला, तर दुकानात माचूच उभा.

"माझा ब्लॉक कुठाय?"

"तुझ्या घरी."

"घरी आहे तो माझा नाही. मी काय आंधळा आहे?"

माचूने काउंटरवरचं रिंगांचं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. "स्वतः उघडतोयस?"

"मग? जे उघडायचे ते पळाले."

"वरची रिंग उलटी घालू नकोस. अक्षर वर ठेव." पाकीट परत ठेवत म्हणाला, "गाडी वाईट नाही बिद्दू. फक्त आता तुला ती चालवावी लागेल."

मारावंसं वाटलं त्याला. सात वर्षं एका ताटात डुकराची पंदी करी खाल्लेला माणूस, आणि वर टोमणा!

आता शेडमध्ये त्याने ब्लॉक उपसून काढला. खाली भोकात फडकं कोंबलं, काही आत पडू नये म्हणून. बोल्ट गेल्या वर्षी जिंकलेल्या कपात रॉकेलमध्ये भिजत होते. माचूच ठेवायचा तसे, तेव्हा राग यायचा.

हेड उलटं करून त्यात रॉकेल ओतलं. व्हॉल्वमधून एक थेंब गळेना. ब्लॉक पुसला. आतून आरशासारखा, कुठे ओरखडा नाही. नव्या पिस्टनवर रिंगा चढवल्या, अक्षर वर ठेवून. बोटांनी दाबून दाबून पिस्टन ब्लॉकमध्ये सरकवला. ब्लॉक उलटा धरला, हलवला. पिस्टन पडेना. रिंगांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

सगळंच ठीक. मग गाडी पळत का नाही?

त्याची बायको दीचम्मा कॉफी घेऊन आली. "माचूला एकदा बोलाव ना. तुझं तोंड बघवत नाही."

"त्या चोराचं नाव काढायचं नाही."

"काय म्हणालास?"

"चोर. उद्या क्लबात सगळ्यांसमोर म्हणणार आहे. कागद लिहून झालाय."

दीचम्माने कपबशी खाली ठेवली, आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात मिरीच्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चुलीवरच्या माळ्याची काजळी लागलेलं.

"जाताना ठेवून गेला. म्हणाला, बिद्दू मला चोर म्हणाला तरच दे. नाहीतर राहू दे."

"दोन महिने? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"त्याने शपथ घातली होती, कावेरम्मेची. आत काय आहे मलाही माहीत नाही. जड आहे एवढंच."

त्याने सुतळी तोडली. तेलात भिजवलेलं जुनं बनियन, आणि त्यात ब्लॉक. एक पाती तुटलेली.

"बघ!" बिद्दप्पा ओरडलाच. "बघ, मी काय सांगत होतो! माझाच आहे. घाबरला, म्हणून ठेवून गेला. आता बघतो रविवारी, त्या अय्यण्णाला माती चारतो."

"आधी जेव तरी. तांदळाचे कडंबुट्टू गार होतायत."

"हे बसवतो, मग जेवतो."

त्याने पहिल्या ब्लॉकमधून पिस्टन ढकलून काढला, रिंगांना तेल लावलं. जुना ब्लॉक डाव्या हातात धरला, कपाच्या वर, म्हणजे तेल जमिनीवर सांडायला नको. पिस्टन तोंडाशी आणला आणि मघासारख्या रिंगा दाबायला बोटं पुढे केली.

दाबावं लागलंच नाही. रिंगांसकट पिस्टन ब्लॉकमधून कुठेही न अडकता सरळ खाली गेला आणि गेल्या वर्षीच्या कपात, बोल्टांवर, खणकन आदळला.