जाड की हलकी

डोंगरात भटकणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात एक वयस्कर जोडपं मुलासाठी स्लीपिंग बॅग निवडत होतं. नवरा हलकी बॅग सोडेना आणि बायको जाड बॅगेवरचा हात काढेना.

"अहो, हीच घ्या. आत पिसं भरलीत, हात तरी लावून बघा."

"अगं, पण डोंगर मला चढायचाय. तुझं काय जातंय सांगायला!"

दुकानदाराला हसू आलं. "काका, मुलगा भलताच लाडावलेला दिसतोय. त्याचं ओझंसुद्धा तुम्हीच वाहणार? त्यालाच घेऊन या ना, आत झोपवून माप बघू."

नवरा म्हणाला, "त्यालाच आणायला चाललोय. हिवाळा लागताना वर गेला आणि बर्फाखाली गाडला गेला. आता बर्फ वितळतोय. सापडेल म्हणतात."

दुकानदाराने मान खाली घातली आणि हलकी बॅग गुंडाळायला घेतली. "काकू, हीच न्या. आता त्याला ऊब..."



"जाडच द्या," ती म्हणाली. "सगळा हिवाळा बर्फात काढलाय हो पोराने."