कढईचा आवाज

विलगीकरणाचा तिसरा दिवस होता. खोलीत मी एकटा, फोनवर आई. दोन दिवस करपलेली भाजी खाल्ली होती, आणि आता कांदे दोनच उरले होते. कांदा परतता परतता मी फोनचा कॅमेरा कढईवर धरला. "बघ गं, झाला का लाल?" म्हणालो आणि जीभ चावली. आईला लहानपणापासून दिसत नाही. ती हसली. "दाखवतोस काय, ऐकव." मी फोन आणखी खाली नेला. "कांद्याचं पाणी अजून चरचरतंय. हलवत राहा." थोड्या वेळाने, "आता तेल बोलायला लागलं. टाक मसाला." तिच्या हातचं खाऊन वाढलो, पण ती कानाने रांधते हे त्या दिवशी कळलं. शेवटच्या दिवशी शेजारच्या काकूंनी बंद दारापलीकडून विचारलं, "वास जिन्यापर्यंत येतोय. रेसिपी काय रे?" मी गॅस बारीक केला. "सांगतो काकू. आधी डोळे मिटा."