उलटी शिवलेली शीर

“पायाची शीर काळजाला उलटी शिवलीत म्हणे?” ऑपरेशननंतरची पेज बाजूला सारून आमच्या ह्यांनी डॉक्टरीणबाईंना झापलंच. चाळीस वर्षं माडावर चढून माडी काढणारा माणूस, भीड कसली! मी लाजून भिंतीकडे पाहिलं. बाई हसल्या. “वेलायुधनचेट्टा,” ह्यांना मल्याळीत दादा म्हणत त्या म्हणाल्या, “पायातलं रक्त वर चढतं, म्हणून शिरेत झडपा असतात. वर जाऊ देतात, खाली घसरू देत नाहीत. हृदयावर रक्त वरून खाली आणायचं होतं, म्हणून शीर उलटी लावली.” “म्हणजे चढताना पायांत अडकवतो त्या दोरासारखं!” म्हणत ह्यांनी पेज पुन्हा पुढे ओढली. घरी आल्यावर हे थेट अंगणातल्या माडाशी गेले. चढण्याआधी माडाला टेकवलेला हात कपाळाला न्यायची आमची रीत. “खबरदार चढलात तर!” मी ओरडले. कण्हत हे वाकले. टाके घातलेल्या पोटरीला हात टेकवून कपाळाला नेला. “मी कशाला चढू? पायच चढलाय, काळजापर्यंत.”