बायजाबाईंचं खळं

जेट्टी बांधणाऱ्या कंपनीच्या नकाशात रेवदंड्याच्या कोळणींची मासळी सुकवायची खळी कुठेच नव्हती. तिथे फक्त ‘पडीक’ असं छापलं होतं. त्यांच्यातल्या चांगुणाला तो शब्द माशाच्या काट्यासारखा सलला. तिने बायका जमवल्या, आणि मोबाईल हातात धरून त्या एकेका खळ्याभोवती फिरल्या. ज्या बाईने ते खळं राखलं, तिचं नाव त्यांनी मोबाईलवरच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या नकाशात टाकलं. चांगुणाने टाकलं वारलेल्या सासूचं. पाहणीला आलेल्या सरकारी साहेबांनी आपल्या मोबाईलवर त्या ‘पडीक’ जागेला बोट लावलं, आणि तो सांगेल तसे ते चालू लागले. सुकत घातलेल्या बोंबलांपाशी मोबाईल खणखणीत आवाजात म्हणाला, “तुम्ही बायजाबाईंच्या खळ्यावर पोहोचला आहात.” साहेब थबकले. सासूचं नाव ऐकताच चांगुणाने सवयीने डोक्यावर पदर घेतला. “बूट भायेर काढा, साहेब,” ती म्हणाली. “आमच्या म्हातारीला खल्यात चालत न्हाय.”